पॅड एका घरचे, मॉड्यूल दुसऱ्या घरचं

"पॅडले आवाजच नसते बाबू. मंग आवाज जुळत नाही, असं काहून म्हणून राहिला तू?"

भाच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते तो तोंडाने देत नाही. स्टिक उचलतो आणि स्नेअरच्या जागी लावलेल्या रबरी पॅडवर एक टोला हाणतो. कोपऱ्यातल्या छोट्या मॉनिटरमधून स्नेअर वाजतो खरा, पण त्याच्यासोबत न मारलेला एक टॉमही वाजतो. मग तो क्रॅशवर मारतो. क्रॅश उमटतो न उमटतो तोच हाताने दाबून धरल्यासारखा मरतो. हायहॅटचं पेडल दाबलं तर हायहॅट मिटायच्या ऐवजी उघडतो.

"आता सांगा मामाजी."

कोराडीला लागून असलेल्या महादुल्यातलं हे घर. मामा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. तापमान, दाब, कंपन मोजणारे सेन्सर लावायचे, त्यांचं कॅलिब्रेशन करायचं, बॉयलरजवळचा आकडा आणि कंट्रोल रूममधला आकडा एकच येतो ना हे पाहायचं, यात त्यांची नोकरी गेली. 1974 साली सुरू झालेल्या या केंद्राचे जुने संच त्यांनी चालताना पाहिले आणि 660 मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहतानाही. भाचा पॅड वाजवतो. गणपतीपासून नवरात्रापर्यंत आणि पुढे लग्नसराईत त्याला उसंत नसते. आज जगराता, उद्या ऑर्केस्ट्रा, परवा धुमालची गाडी. आत्ता नवरात्र तोंडावर आहे. कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला नऊ दिवस नागपूरहून, सावनेरकडून, पार छिंदवाड्याकडून लोक येतात आणि त्या दिवसांत आसपासच्या मंडळांना वादक कमी पडतात.

एका ऑर्केस्ट्रावाल्याने आपला इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट मोडीत काढला, त्यातले पॅड, झांजा, किकचा खांब आणि हायहॅटचं पेडल भाच्याने घेतलं. त्या सेटचं मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारी पेटी, मात्र आधीच जळालं होतं. म्हणून मॉड्यूल दुसरीकडून आणलं, तेही दुसऱ्याच कंपनीचं. आता भाच्याचं ठाम मत असं की ही भानगड जमणारी नाही. एकाच कंपनीचा पूर्ण सेट घ्यावा, नाहीतर गपगुमान ऑक्टोपॅडवर परत जावं. मामांचं मत तितकंच ठाम आहे: सेन्सर म्हणजे सेन्सर, त्याच्यावर कोणाचं नाव छापलं आहे याने काय फरक पडतो?

मामांची बाजू भौतिकशास्त्राच्या दृष्टीने भक्कम आहे. रबरी किंवा जाळीच्या पॅडखाली पितळी चकतीवर बसवलेलं पिझो सिरॅमिक असतं. ते दाबलं, हललं की त्यात व्होल्टेज तयार होतं. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांचा हा गुण फ्रान्समध्ये पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी 1880 साली दाखवून दिला. पॅडवर टोला पडला की व्होल्टेजची एक उसळी निघते, थरथरत विझते आणि सगळा मामला काही मिलिसेकंदांत आटोपतो. मॉड्यूल त्या उसळीचं शिखर मोजतं, त्याला 1 ते 127 मधला एक आकडा देतं आणि त्या आकड्याच्या जोरावर आपल्याजवळचा आवाज वाजवतं. स्नेअर, टॉम, ढोलकी, काचेचा ग्लास फुटणं, काय वाजवायचं ते मॉड्यूल ठरवतं. पॅडला त्यातलं काही ठाऊक नसतं.

"आमच्या टर्बाइनच्या बेअरिंगवर हेच पिझो होते," मामा सांगतात. "तीन हजार फेरे मिनिटाले. जरासं कंपन वाढलं का कंट्रोल रूममध्ये आकडा चढे. तिथं कोनी म्हणलं नाही का सेन्सर या कंपनीचा अन् पॅनल त्या कंपनीचं, म्हणून जुळत नाही."

"टर्बाइनले ताल नसते मामाजी."

"नसते कसा? पन्नास हर्ट्झ. तुह्यापेक्षा पक्का."

इथे भाचा हसतो, पण मुद्दा सोडत नाही. सेट वाजतो का, हा त्याचा प्रश्नच नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी दहा मिनिटांत लावून तो वाजतो का, एवढंच त्याला विचारायचं आहे. साउंडवाला घाई करतो, गायक आधीच माइकवर उभा असतो आणि आयोजकाला थ्रेशोल्ड म्हणजे काय ते समजावून सांगायची ती वेळ नसते.

मामा मग इतिहासाकडे वळतात. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला की माणसं जरा धोकादायक होतात. रोलँड कंपनीने 1985 साली पहिला ऑक्टोपॅड काढला, त्याचं नाव पॅड-8. आठ रबरी चौकोन, मागे आणखी पॅड जोडायची सोय, आणि स्वतःचा एकही आवाज नाही. तो वाजवायचा तर दुसरं एखादं ड्रम मशीन किंवा सँपलर शेजारी हवाच. म्हणजे ज्या यंत्राच्या नावावरून भारतातले सगळे पॅडवादक आपल्या वाद्याला ऑक्टोपॅड म्हणतात, ते जन्मतःच दुसऱ्याच्या आवाजावर अवलंबून होतं. त्याआधी 1981 मध्ये इंग्लंडातल्या सिमन्सने षटकोनी पॅडचा एसडीएस-व्ही आणला होता. त्याचे पॅड इतके कडक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखू लागली. त्याचं मॉड्यूलही वेगळ्या पेटीतच होतं.

"म्हंजे जोडून वाजवनं हेच मूळ," मामा म्हणतात. "एका डब्यात सगळं, हे नंतरचं."

"अन् नंतरचंच चाललं ना!" भाच्याचं उत्तर तयार असतं. "1998 मध्ये एसपीडी-20 आला. आठ पॅड, सातशे आवाज, सगळं एका पेटीत. बॅगेत टाकला, गाडीवर ठेवला, अ‍ॅडॉप्टर लावला, सुरू. लोकाईनं तो उगाच घेतला काय?"

हे खरं आहे. धुमाल ज्याने नागपुरात ऐकला त्याला वेगळं सांगायला नको. गाडीवर रचलेले स्पीकर, कीबोर्ड किंवा बेंजो, खाली ढोल-ताशे आणि या सगळ्यांच्या मधून चाबकासारखा कडकडणारा ऑक्टोपॅड. वरातीपासून विसर्जनापर्यंत आणि तिकडे छत्तीसगडात दुर्ग-रायपूरपर्यंत हाच नाद. चालत्या गाडीवर केबलींचं जंजाळ परवडत नाही. शिवाय एसपीडी-20 भोवती वादकांनी स्वतःचं एक जग उभं केलं. यंत्रातलेच आवाज खालीवर करून, एकावर एक चढवून नाल, हलगी, संबळ यांच्या जवळ जाणारे 'पॅच' बनवायचे, ते एकमेकांना द्यायचे, विकायचेही. कारखान्यातून निघालेल्या यंत्रात गावचा आवाज बसवणाऱ्या या कारागिरीवर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. मुद्दा इतकाच की भाच्याचा एकाच पेटीचा आग्रह आळसातून आलेला नाही. हजारो वादकांनी रस्त्यावर तपासून पाहिलेली ती निवड आहे.

मग ड्रमसेटची हौस कशाला? त्याचं कारण भाचा थोडं लाजत सांगतो. ऑर्केस्ट्रात पायाला काम हवं असतं. आठ चौकोनांवर दोन हातांनी सगळं वाजवणारा आणि किक-हायहॅट पायाने धरून हात मोकळे ठेवणारा, यांच्या वादनात फरक पडतोच. आणि खरा ड्रमसेट घरी ठेवता येत नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत घातलेली आहे. स्नेअरचा एक जोरकस टोला शंभराच्या वर सहज जातो. हेडफोन लावून वाजणारा सेट हाच मार्ग. (तरी किकच्या खांबाची धमक स्लॅबमधून खालच्या घरी पोहोचतेच. ती अडवायला जाड रबराची चटई लागते आणि तेवढ्यानेही ती पूर्ण थांबत नाही.)

या टप्प्यावर मामा आपल्या बाजूने एक जोरदार दाखला देतात आणि तोच त्यांच्यावर उलटतो. वीज केंद्रात ट्रान्समीटर एका देशातला, कंट्रोल सिस्टिम दुसऱ्या देशातली, केबल तिसऱ्याची, आणि तरी सगळं एकमेकांशी बोलतं. कारण साऱ्या उद्योगाने एक भाषा मान्य केली आहे: 4 ते 20 मिलिअँपिअर. मोजमापाचं सगळ्यात खालचं टोक म्हणजे 4, वरचं टोक म्हणजे 20. खालचं टोक शून्य न ठेवता 4 ठेवण्यात मोठी हुशारी आहे. वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो आणि कंट्रोल रूमला लगेच कळतं की टाकीतलं पाणी संपलेलं नाही, सेन्सर गेला आहे.

"मंग पॅडच्या जॅकमधून किती येते मामाजी? कोणतं चार, कोणतं वीस?"

मामा जरा थांबतात. मग प्रामाणिकपणे सांगतात, "ते कोनीच ठरवलं नाही."

सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. ड्रमच्या दुनियेत करार झाला, पण तो मॉड्यूलच्या पुढच्या बाजूला. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले आणि एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. त्या भाषेचं नाव मिडी. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. पुढे 1991 मध्ये जनरल मिडीने तालवाद्यांचे आकडेही पक्के केले. चॅनल 10 तालाचा. 36 म्हणजे किक, 38 स्नेअर, 42 मिटलेला हायहॅट, 46 उघडा, 49 क्रॅश, 51 राइड. जनरल मिडी पाळणारं कुठलंही मॉड्यूल आणा, 38 पाठवलं की स्नेअरच वाजणार.

पॅड आणि मॉड्यूल यांच्यामधल्या साध्या जॅकला असा कुठलाच करार लागू नाही. उसळी किती व्होल्टची, कडेचा दुसरा झोन कुठल्या तारेवर, हायहॅटचं पेडल दाबल्यावर रोध वाढायचा की घटायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एका घरचे पॅड दुसऱ्या घरच्या मॉड्यूलला लावायचे तर मधली सोयरीक वादकालाच जुळवावी लागते.

मामांना यात हार वाटत नाही, उलट काम मिळाल्याचा आनंद होतो. ते मल्टिमीटर काढतात.

पहिला रोग सगळ्यात सोपा निघतो. क्रॅश मरत होता, कारण भाच्याने त्याला गिटारची मोनो केबल लावली होती. झांजेच्या जॅकला तीन टप्पे असतात. टोकावरून पिझोचा सिग्नल जातो, मधल्या कड्यावरून कडेच्या स्विचचा आणि बुंध्याला अर्थिंग. कड दाबली की स्विच मिटतो आणि मॉड्यूल समजतं, वादकाने झांज हाताने धरली, आवाज थांबवा. मोनो प्लगला मधलं कडंच नसतं. त्याचा लांब बुंधा सॉकेटमधल्या मधल्या पत्तीला अर्थशी जोडून टाकतो, म्हणजे मॉड्यूलच्या दृष्टीने कुणीतरी झांज कायम दाबून बसलेलं असतं. स्टिरिओ केबल लावल्याबरोबर क्रॅश मोकळा झाला.

"यात कंपनीचा काय संबंध होता?" मामा विचारतात. भाचा गप्प.

दुसरा रोग म्हणजे स्नेअर मारला की टॉम वाजणं. दोन्ही पॅड एकाच लोखंडी रॅकवर, एकाची थरथर नळीतून दुसऱ्यापर्यंत जाते. याला क्रॉसटॉक म्हणतात आणि मॉड्यूलमध्ये त्याची वेगळी सेटिंग असते. पण तिला हात लावायच्या आधी मामा भाच्याला क्रम घालून देतात, आणि क्रमाचा हा आग्रह खरोखर मोलाचा आहे. बहुतेक वादक दिसेल ती सेटिंग फिरवतात आणि अर्ध्या तासाने कुठून निघालो ते विसरतात.

आधी ट्रिगर टाइप. मॉड्यूलमध्ये त्याच कंपनीच्या पॅडची यादी असते, परक्या पॅडचं नाव तिथे मिळणार नाही. आपल्या पॅडसारखी रचना असलेला, म्हणजे रबरी की जाळीचा, एक झोन की दोन, असा जवळचा प्रकार निवडायचा. ही फक्त सुरुवात. मग सेन्सिटिव्हिटी: कार्यक्रमात जितक्या जोरात मारणार तितक्याच जोरात मारायचं आणि आकडा जेमतेम 127 ला पोहोचेल इथे थांबायचं. भाच्याच्या किकचा सिग्नल मॉड्यूलच्या अपेक्षेपेक्षा फार तगडा होता. अलगद पाय ठेवला तरी 120, जोरात मारलं तरी 127. सेटिंग पार तळाला नेऊनही फरक पडेना. मामांनी नागपूरच्या बर्डीहून एक पोटेन्शिओमीटर आणला, एका छोट्या डबीत बसवून केबलच्या मध्ये घातला आणि सिग्नल मॉड्यूलपर्यंत जायच्या आधीच उतरवला. काही पॅडच्या पाठीला असा नॉब कारखान्यातूनच दिलेला असतो; या किकला नव्हता.

त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलकी थरथर मॉड्यूलने ऐकून न ऐकल्यासारखी करायची. तो वाढवला की भुताटकीचे आवाज थांबतात, पण स्नेअरवरचे हळुवार टोलेही गिळले जातात. इथे मामा-भाच्यांचं पुन्हा वाजलं. मामांना स्वच्छ सिग्नल हवा होता, एकही खोटा टोला नको. भाच्याला ते हळुवार टोले हवे होते, भले दहा मिनिटांत एखादा टॉम आपोआप वाजला तरी चालेल. यात भाचा बरोबर आहे. मोजणाऱ्याला चूक खुपते, वाजवणाऱ्याला तुटलेली नस. शेवटी थ्रेशोल्ड खाली ठेवला आणि क्रॉसटॉकची सेटिंग एकेक पायरी वर चढवली, टॉम गप्प होईपर्यंत. टॉमच्या क्लँपखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घातल्यावर निम्मं काम त्यानेच केलं.

राहिला एका टोल्याला दोन आवाज येण्याचा त्रास. पिझोची थरथर लवकर विझली नाही तर मॉड्यूल तिच्या दुसऱ्या लाटेलाही टोला समजतं. मास्क टाइम वाढवून ते थांबवता येतं. एकदा टोला घेतला की अमुक मिलिसेकंद डोळे मिटून घ्यायचे. पण किती? मामा कागदावर हिशेब मांडतात. मिनिटाला 160 मात्रांची लय, मात्रेला चार टोले धरले तर दोन टोल्यांमध्ये सुमारे 94 मिलिसेकंद. मात्रेला आठ, म्हणजे दाणेदार रोल, धरला तर 47. मास्क टाइम त्याच्या खालीच हवा, नाहीतर रोलमधला एकाआड एक टोला गळून पडेल. भाच्याने हा कागद फोटो काढून ठेवला. तालाचं गणित त्याला येतंच, ते मिलिसेकंदात कुणी मांडून दिलं नव्हतं.

इथवर पाहिलं तर मामा जिंकले होते. किक, स्नेअर, तिन्ही टॉम, क्रॅश, सगळे परक्या मॉड्यूलवर नीट वाजत होते. एक झोन असलेल्या पॅडचं असंच असतं. पिझो आणि दोन तारा, एवढ्यात भांडायला फारशी जागा नसते.

पण राइड आणि हायहॅट हे वेगळं प्रकरण आहे आणि तिथे भाच्याच्या म्हणण्याला खरा आधार आहे.

राइडला तीन भाग: मधला फुगीर घुमट, सपाट पाठ आणि कड. यामाहाच्या रचनेत तिन्ही भागांचा निरोप एकाच स्टिरिओ केबलने जातो. घुमट आणि कड यांचे स्विच ओळखू यावेत म्हणून एकाच्या वाटेत रोध घातलेला असतो. मॉड्यूल तो रोध मोजून ठरवतं की टोला कुठे पडला. रोलँडच्या तीन झोनच्या जुन्या राइडमधून त्याऐवजी दोन केबली निघतात. दोन्ही पद्धती आपापल्या घरी उत्तम. पण एकीची झांज दुसरीच्या मॉड्यूलला लावली की एक झोन हरवतो आणि कितीही सेटिंग फिरवली तरी तो परत येत नाही, कारण मॉड्यूलला तो प्रश्नच विचारता येत नाही. स्नेअरच्या रिमचीही तीच गत होते. काही पॅडमध्ये रिमला दुसरा पिझो असतो, काहींत नुसता स्विच. मॉड्यूल स्विचची वाट पाहत असेल तर पिझोची उसळी त्याच्या लेखी नसतेच.

हायहॅटचं पेडल तर आणखी हट्टी. ते टोला मोजत नाही, पायाची जागा मोजतं. आत बदलता रोध असतो. तो कुठून कुठपर्यंत बदलतो, दाबल्यावर कमी होतो की जास्त आणि कोणत्या दोन तारांमध्ये मोजायचा, या तिन्ही बाबतींत कंपन्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. कीबोर्ड वाजवणाऱ्यांना सस्टेन पेडलचा असाच अनुभव असतो. परकं पेडल उलटं चालतं, दाबलं की सूर तुटतो आणि सोडलं की लांबतो. पण तिथे सुटका आहे. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती तपासून तिलाच 'सुटलेली' मानतात. हायहॅटला उघडा आणि मिटलेला यांच्या मधल्या अर्धवट जागाही लागतात, म्हणून ती युक्ती पुरत नाही. मामांनी प्लगमधल्या दोन तारा अदलाबदल केल्या. पेडल सुलटं झालं, पण अर्धा उघडा हायहॅट काही केल्या मिळेना. एकतर पूर्ण मिटलेला, नाहीतर पूर्ण उघडा.

"चालते ना एवढं," मामा म्हणाले.

"नाही चालत. अख्खं गाणं हायहॅटवर चालते मामाजी. स्नेअर एका आवर्तनात दोनदा येते, हा सोळादा."

मामांकडे तिसरा पर्यायही होता. मॉड्यूलमध्ये पॅड घालायचेच नाहीत. मध्ये एक ट्रिगर-टू-मिडी इंटरफेस ठेवायचा, तो कुठल्याही कंपनीचे पॅड वाचेल आणि मॉड्यूलला फक्त मिडीचे आकडे पाठवेल. म्हणजे जिथे करार आहे त्या दाराने आत शिरायचं. बाजारात अशा पेट्या मिळतात. हौशी लोक आर्डुइनोवरही बनवतात: पिझोला समांतर एक मेगाओमचा रोध, सर्किट जळू नये म्हणून झेनर डायोड, आणि बोर्ड 0 ते 5 व्होल्टच्या सिग्नलला 0 ते 1023 मध्ये वाचतं. मामांचे डोळे चमकले. भाच्याची शंका एकच, आवाज उशिरा येणार. यावर मामांचं गणित पुन्हा तयार. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. एका टोल्याचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे 30 बिट. वेळ जेमतेम एक मिलिसेकंद. हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. मॉनिटर दोन मीटरवर ठेवला तर सहा मिलिसेकंदांचा उशीर तिथेच होतो आणि त्याची कुणी तक्रार करत नाही.

हिशेब बिनतोड होता. तरी भाच्याने नकार दिला आणि तो योग्यच होता. नवरात्रात चालत्या जनरेटरवर, धुळीत, गर्दीत आणखी एक पेटी, आणखी एक अ‍ॅडॉप्टर, आणखी दोन केबली म्हणजे बिघडायला आणखी चार जागा. घरी सरावाला ती पेटी चालेल, गाडीवर नाही.

अ‍ॅडॉप्टरवरून आठवलं. मिश्र सेटमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते आणि तिच्याबद्दल दोघांचं एकमत आहे. रोलँड-बॉसच्या 9 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला मधला बिंदू ऋण असतो. यामाहाच्या 12 व्होल्टच्या पीए मालिकेत मधला बिंदू धन. प्लग दिसायला सारखा. अंधाऱ्या स्टेजमागे एकाचा दुसऱ्यात गेला की मॉड्यूल वाचेलच याची खात्री नाही. मामांनी प्रत्येक अ‍ॅडॉप्टरला आणि त्याच्या सॉकेटला एकाच रंगाची टेप गुंडाळली, व्होल्ट आणि ध्रुव मार्करने लिहिले. प्लँटमधली जुनी सवय.

शेवटी ठरलं ते असं. किक, स्नेअर, टॉम आणि क्रॅश परक्या घरचेच राहणार. हायहॅटचं पेडल आणि त्याचा पॅड मॉड्यूलच्या कंपनीचा घ्यायचा. राइडच्या घुमटाचा हट्ट सोडायचा. त्याचा आवाज जवळच्या एका सुट्या पॅडवर बसवायचा, गाण्यात तो लागतो तरी किती? नवा सेट घेऊ पाहणाऱ्या कुणालाही हाच सल्ला उपयोगी पडेल: जुन्या बाजारात पॅड कुठलेही घ्या, पण मॉड्यूल आणि हायहॅट यांची जोडी फोडू नका.

ऑक्टोपॅडही निघाला नाही. संबळ आणि हलगीचे पॅच त्याच्यात होते, ते मॉड्यूलमध्ये भरता येत नव्हते. म्हणून तो बाजूला स्टँडवर ठेवून मिडी केबलने मॉड्यूलला जोडला. त्यावर काही सुट्या पॅडवरून मॉड्यूलचे टाळ्या वगैरे आवाज काढायचे, अशी भाच्याची कल्पना. पहिल्याच टोल्याला हलगीबरोबर काउबेलही वाजली. हलगीच्या पॅडवरून आकडा 56 जात होता, तोही चॅनल 10 वर, आणि जनरल मिडीत 56 म्हणजे काउबेल. या वेळी करार पूर्ण पाळला गेला होता, म्हणूनच घोटाळा झाला. हलगी आणि संबळाच्या पॅडचं चॅनल 11 केलं, मॉड्यूल त्याच्याकडे कानाडोळा करू लागलं आणि काउबेल गेली.

"पाह्य, जुळलं का नाही?" मामा.

"जुळलं. पन गाडीवर जायच्या दिवशी मी ऑक्टोपॅड एकटाच नेईन."

"मंग हे सगळं कशासाठी केलं बे?"

"ऑर्केस्ट्रासाठी. तिथं तुम्हीबी चला मामाजी, थ्रेशोल्ड पाहाले कोनी तं लागंल."

मामांनी पोटेन्शिओमीटरची दुसरी डबी बनवायला घेतली आहे. स्नेअरसाठीही एक असावी, असं त्यांचं मत. भाच्याचं मत वेगळं आहे.